दुसऱ्याच्या पोराचं धनुष्य

अरे, ऐक तर आधी. फोन खाली ठेव आणि मध्ये बोलू नकोस, नाहीतर माझा धागा तुटेल. अक्षतचं सांगायचंय. हो, तोच. बॉटनी उपनगरात राहतो, ईस्ट टामाकीच्या एका कंपनीत पॅकिंगची मशिनं डिझाइन करतो, आणि सुट्टी मिळाली की धनुष्यबाण घेऊन रानात बोकडांच्या मागे फिरतो. त्याचा फ्रीजर उघडला की आइस्क्रीमच्या आधी मटण अंगावर पडतं, तोच अक्षत.

तर झालं काय, गेल्या दसऱ्याच्या आधी त्याचे आईबाबा सांगलीहून इथे किवींच्या देशात आले, सहा महिने राहायला. बाबा म्हणजे जनार्दन सर. जन्मभर शाळेत गणित शिकवलेलं. मुलांच्या पेपरवर लाल पेनानं एक वाक्य लिहायची त्यांना इतकी सवय की रिटायर झाल्यावरही ते तोंडातून जात नाही. "उत्तर बरोबर, पण रीत चुकली." आई, म्हणजे सरोजकाकू, साध्या. जे पुढ्यात येईल त्याला हळदकुंकू लावणार आणि जो दारात येईल त्याला खायला घालणार.

दसऱ्याच्या सकाळी काकू म्हणाल्या, "घरात शस्त्र आहे आणि पूजा नाही, असं कसं चालेल?" अक्षतला तेवढंच हवं होतं. त्यानं धनुष्य पुसून चकचकीत करून पाटावर आणून ठेवलं. त्याचं कंपाउंड बो तू बघितलंयस ना? काळं कुळकुळीत, दोन टोकांना दोन चाकं, मध्ये केबलींचं जाळं. बाबांनी चष्मा लावून त्याला एक पूर्ण प्रदक्षिणा घातली.

"हे काय आहे?"

"धनुष्य आहे बाबा."

"मग चाकं कशाला? ढकलत नेतोस?"

"कप्प्या आहेत त्या. पहिल्यांदा ओढायला जड, मग एकदम हलकं होतं. हातावर भार राहत नाही."

"आणि हे भिंग?"

"नेम धरायला."

"हा मनगटाचा पट्टा?"

"त्याला ट्रिगर आहे. तो दाबला की बाण सुटतो."

बाबांनी मान हलवली. "म्हणजे ओढतं चाक, बघतं भिंग आणि सोडतं बटण. यात तू काय करतोस?"

अक्षतची बायको स्वरदा तिकडे ओट्यापाशी श्रीखंड फेटत होती, तिला ठसका लागला. काकूंनी मात्र भेदभाव केला नाही. कुंकू लावलं, मूठभर अक्षता टाकल्या, वर शेजारणीकडून मागून आणलेलं झेंडूचं फूल ठेवलं.

एवढ्यावर भागलं असतं रे. पण संध्याकाळी देवव्रत सोनं द्यायला आला. आपट्याची पानं एअरपोर्टवरून कोण आत आणू देणार, त्यामुळे इथे फिजोआ म्हणून पेरूसारखं झाड असतं, त्याचीच पानं सोनं म्हणून वाटतात. तर देवव्रत आला, एका हातात फिजोआ आणि दुसऱ्या हातात नवीन धनुष्य. देवव्रत म्हणजे अक्षतचा कॉलेजपासूनचा दोस्त. शहरात बँकेच्या आयटीत आहे, ताडमाड उंच, हात गुडघ्यापर्यंत. दोघं एकदमच शिकार शिकले, दोघांकडे आधी कंपाउंडच होतं. आणि आता हा पठ्ठ्या ते विकून जुन्या पद्धतीचं रिकर्व्ह घेऊन आला. लाकडी, दोन्ही टोकं बाहेर वळलेली, मुठीला चामडं, दोरीला लोकरीचे गोंडे. ना चाक, ना भिंग, ना बटण.

बाबा खुर्चीतून उठले. अक्षत सांगत होता, विमानतळावर त्याला भेटायलाही ते एवढ्या चपळाईनं आले नव्हते.

"हे धनुष्य," बाबा म्हणाले.

देवव्रतला विचारायचीच खोटी. "काका, कंपाउंड म्हणजे कॅल्क्युलेटर. हे म्हणजे पाढे. पाठ असले तरच येतात."

संपलं. गणिताच्या मास्तरांना असं वाक्य ऐकवल्यावर पुढे बोलायला काही उरतं का? बाबांनी स्वतः देवघरातून करंडा आणला, कुंकू ओलं करून तीन बोटं धनुष्याच्या खालच्या पात्यावर ओढली, शेजारी हळदीची तीन. फोटो काढला, सांगलीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'अक्षतचा मित्र चि. देवव्रत. यांत्रिक युगातही परंपरा जपणारा.'

अक्षत त्या फोटोत आहे बरं का. कोपऱ्यात, अर्धा. श्रीखंडाची वाटी धरून.

त्या दिवसापासून तो जळायला लागला. म्हणजे धुमसायला नाही, चांगला जाळच. पुढच्या शनिवारी तो रागारागानं रानात गेला आणि एक तगडा बोकड घेऊन आला. लांबून मारलेला, एका बाणात. काकूंनी रस्सा केला, बाबांनी दोनदा वाढून घेतला, बोटं चाटली आणि म्हणाले, "उत्तर बरोबर आहे. रीत चुकली."

आणि देवव्रत? तो दर रविवारी हात हलवत यायचा आणि नुसत्या गोष्टी सांगायचा. "काका, हरीण इतकं जवळ होतं की श्वास ऐकू येत होता. दोरी ताणली. मग त्याच्या डोळ्यांत बघितलं, आणि दोरी सोडलीच नाही." ही गोष्ट तो अक्षतच्या घरी, अक्षतनं मारलेल्या बोकडाच्या नळ्या चोखत सांगायचा.

"सोडून दिलंस?" बाबा भारावून जायचे. "अक्षत, ऐकलंस? ह्याला संयम म्हणतात."

"बाबा, त्यानं काही मारलंच नाहीये."

"तेच म्हणतोय मी."

आत गेल्यावर स्वरदा म्हणाली, "अक्षत, तुला कावीळ झालीय का? पिवळा पडलायस."

"मी जळत नाहीये."

"मी कावीळ म्हणाले."

व्हिडिओ कॉलवर सांगलीची आत्या आली की बाबा देवव्रतची गोष्ट सांगायचे. मिरजेचे मामा आले की देवव्रत. एकदा तर कुणी तरी चुकून लागलेला कॉल होता, त्यालाही. अक्षत बाजूला बसून लॅपटॉपवर काहीही टाइप करत राहायचा. बघ ना, सात समुद्र ओलांडून बापाला इथे आणायचं, हंटिंग दाखवायचं, बीच दाखवायचे, आणि बापानं दुसऱ्याच्या पोराचं धनुष्य छातीशी धरायचं. त्याला एवढंच हवं होतं रे, की बाबा जायच्या आधी एकदा, एकाच कॉलवर, 'आमचा अक्षत' म्हणून वाक्य सुरू व्हावं.

मार्च आला, परतीची तिकिटं एप्रिलची. अक्षतनं ठरवलं. कुणालाच न सांगता कंपाउंड पाठीला लावलं आणि पापाकुराच्या पुढे ग्रॅहमचं धनुष्यांचं दुकान आहे, तिथे गेला. ग्रॅहम म्हातारा आहे, बारमाही शॉर्ट्स आणि जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला. दुकानामागे त्याचं फार्म. अक्षत म्हणाला, "हे विकून टाक. आणि मला रिकर्व्ह दे. पण कुणाला बोलू नकोस."

ग्रॅहमनं एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा कंपाउंडकडे बघितलं. म्हणाला, "स्वीट अ‍ॅज," म्हणजे त्याच्या भाषेत झकास. "परवाच एक जुनं रिकर्व्ह आलंय. एकदम चांगलं आहे. ज्यानं दिलं तोही म्हणाला, कुणाला बोलू नकोस."

तीन तुकडे करून पिशवीत घातलेलं धनुष्य. मूठ नागडी, दोरी नवी. खालच्या पात्यावर फिकट तांबडे ओरखडे.

"हे काय?" अक्षतनं विचारलं.

"काय माहीत. हरणाचं रक्त असेल."

अक्षतच्या अंगावर काटा आला. रक्त लागलेलं धनुष्य. कुण्या खऱ्या शिकाऱ्याचं. त्यानं ते डाग पुसलेच नाहीत, उलट जपून घरी आणले. तू म्हणशील, ओळखलं कसं नाही गाढवानं. अरे, जळणारा माणूस वस्तूकडे कुठे बघतो? वस्तूला मिळणाऱ्या कौतुकाकडे बघतो. दसऱ्याला तो ते धनुष्य सोडून घरातल्या सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होता.

मग सुरू झाला सराव. गराजमध्ये, गाडी बाहेर काढून, आईबाबा सकाळी फिरायला गेले की. आणि पहिल्याच दिवशी त्याला कळलं की पाढे खरंच पाठ लागतात. कंपाउंड ओढलं की शेवटी हलकं होतं. दार ढकलावं आणि आतून कुणी उघडावं, तसं. आणि हे? जेवढं ओढावं तेवढं जड. आतून कुणी उघडत नाही, उलट दोघं-तिघं दार दाबून धरतात. बोटं सोलली. दोरी सुटली की डाव्या हाताला आतून सट्टदिशी बसायची. हाताला रक्षक पट्टा बांधतात, पण तो मागायला दुकानात परत गेलो तर ग्रॅहम नवशिका म्हणेल, म्हणून हा गेला नाही. आठवड्यात हात कोपरापर्यंत जांभळा.

त्यामुळे भर उन्हात पूर्ण बाह्यांचे शर्ट. काकू कपाळाला हात लावून बघायच्या, "कणकण आहे का रे?" बाबा म्हणायचे, "देवव्रतही उन्हाळाभर पूर्ण बाह्यांचेच घालायचा. बघ, राहणी शिकतोयस त्याच्याकडून, बरं आहे." कसं सहन केलं असेल अक्षतनं, तूच सांग. नको, आत्ता नको सांगूस, पुढे ऐक.

एका सकाळी टार्गेटच्या पिशवीमागे त्यानं जुना गालिचा टांगला, सुरक्षा म्हणून. दोरी ओढली, सोललेल्या बोटांतून ती निसटली, बाण सुटला. पिशवीला नाही लागला. गालिच्यातून आरपार गेला आणि पलीकडून आवाज आला, फच्च.

पलीकडे काकूंची नवी सूटकेस उभी होती. परतीसाठी भरून तयार. काकूंनी वाटायला मानुका मधाच्या बरण्या घेतलेल्या, त्या साड्यांमध्ये गुंडाळून आत ठेवलेल्या. अक्षतनं बाण ओढून काढला, तर बाणामागोमाग मध. त्यानं अंगठा लावला भोकाला. आता अंगठा काढला तर मध, नाही काढला तर आईबाबा येतील. तेवढ्यात स्वरदा कपडे वाळत घालायला आली.

"बॅगेशी काय करतोयस?"

"काही नाही. तू एक काम कर, ते किवी पक्ष्याचं स्टिकर दे ना, फ्रिजवरचं."

"कशाला?"

"बॅग सजवतोय. बेल्टवर ओळखू यायला नको का?"

स्वरदानं त्याच्या अंगठ्याकडे बघितलं, खाली ओघळलेल्या धारेकडे बघितलं आणि स्टिकर आणून दिलं. लग्नाला सात वर्षं झाली की बायका प्रश्न विचारत नाहीत, नंतरसाठी जमवून ठेवतात.

आता खरा घोळ. त्याच रात्री जेवताना बाबा म्हणाले, "जायच्या आधी मला एकदा देवव्रतची रीत बघायचीय. प्रत्यक्ष."

आणि लगेच फोन लावला, स्पीकरवर. देवव्रत गडबडला. "काका, खांदा जरा आखडलाय..."

"तू काही मारू नकोस. तसंही तू मारत नाहीसच. नुसता उभा राहा, मी बघतो."

"काका, पण जागा..."

"ग्रॅहमचं फार्म आहे," अक्षत पटकन म्हणाला. "त्याची कुंपणं बोकडांनी तोडलीत, तो बोलावतच असतो. शनिवारी जाऊ." त्याच्या डोक्यात चित्र तयार होतं. तिथे सगळ्यांसमोर आपण पिशवी उघडायची, रक्ताचे डाग असलेलं रिकर्व्ह काढायचं, बाबा उठून उभे राहणार. नेमाचं पुढचं पुढे.

शनिवारी फार्मवर एवढी सुंदर सकाळ, गवतावर दव, समोर टेकडी. बाबा फोल्डिंगच्या खुर्चीत, माकडटोपी घालून, थर्मास मांडीवर. पायाशी काकूंनी दिलेले धपाटे, फॉइलमध्ये. ग्रॅहम कुंपणाला टेकून उभा, जँडल्समध्येच. अक्षतच्या पाठीला पिशवी. देवव्रतच्या हातात भली मोठी पेटी. कुणीच काही उघडेना.

"काढ ना तुझं," अक्षत म्हणाला.

"तू आधी. यजमान आहेस."

"तुला बघायला आलेत ते."

"खांदा, यार."

बाबा म्हणाले, "लग्नात उखाणा घ्यायला लाजतात तसे काय लाजताय? अक्षत, तू सुरुवात कर."

हाच तो क्षण. अक्षतनं सावकाश चेन उघडली, तीन तुकडे जोडले, दोरी चढवली आणि धनुष्य बाबांसमोर धरलं. बाबा खरंच उठले. थर्मास गडगडत गेला.

"अक्षत, तू? तू हे कधी घेतलंस?"

"घेतलं, बाबा. म्हटलं, रीत सुधारावी."

बाबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. अक्षतचे डोळे भरून आले म्हणे. इकडे देवव्रतचं तोंड मात्र पिठासारखं पांढरं. अक्षतला वाटलं, जळला लेकाचा. मस्त वाटलं त्याला, पार मस्त. आणि तिथेच थांबावं ना माणसानं? नाही. म्हणाला, "आणि बाबा, हे बघा, खालच्या पात्यावर. रक्त आहे. हे ज्याचं होतं त्यानं याच धनुष्यानं मोठं हरीण मारलंय. अस्सल शिकारी असणार."

बाबांनी चष्मा लावला. वाकले. डागांवरून बोट फिरवलं. मग आपल्या उजव्या हाताची तीन बोटं त्या तीन ओरखड्यांवर ठेवली. बाबांचं मधलं बोट लहानपणी विटीदांडू खेळताना मोडलेलं, तेव्हापासून वाकडं आहे. मधला ओरखडाही वाकडा. तंतोतंत बसला.

"हे रक्त नाही," बाबा म्हणाले. "हे कुंकू आहे. मी लावलेलं. ही शेजारी हळद."

मग बाबा हळूच वळले. "देवव्रत, मग तुझ्या पेटीत काय आहे?"

देवव्रतनं पेटी उघडली. आत काळं कुळकुळीत, दोन चाकांचं. अक्षतला ओळखायला अर्धा सेकंदही लागला नाही. चार वर्षं त्याच्यासोबत रानात झोपलेला माणूस तो.

दोघांनी एकदमच ग्रॅहमकडे बघितलं. ग्रॅहम म्हणाला, "दोघंही म्हणाला होतात, कुणाला बोलू नकोस. मी नाही बोललो."

"तू ते विकलंस?" अक्षत देवव्रतच्या अंगावरच गेला. "पाढे! संयम! हरणाच्या डोळ्यांत बघितलंस!"

"बघितलं ना. ते माझ्याकडे बघत होतं कारण बाण झाडाला लागला होता. ओळीनं सगळे झाडालाच लागले. शेड एवढी मोठी असते, मला शेडसुद्धा लागली नाही." देवव्रतनं बाही वर केली. हात पिवळा-हिरवा, जुन्या वळांचा. अक्षतनं आपली बाही वर केली. जांभळा, ताजा. दोघं दोन हात शेजारी धरून उभे.

बाबा त्या हातांकडे बघत राहिले. "अक्षत, हे कशापायी?"

आणि मग अक्षतच्या तोंडून सुटलं, बाण सुटतो तसं, नेम न धरता. "तुमच्यापायी, बाबा. सहा महिने नुसता देवव्रत, देवव्रत. बोकड मी आणायचा आणि कौतुक त्याचं. एकदा तरी आत्याला माझं काही सांगितलंत?"

बाबा गडबडले. माकडटोपी काढून परत घातली. "अरे, कौतुक दुसऱ्याच्याच पोराचं करायचं असतं. आपल्याचं केलं की दृष्ट लागते. एवढंही कळत नाही तुला? माझ्या बापानं जन्मभर शेजारच्या गुरुनाथचं केलं."

"काका," देवव्रत हळूच म्हणाला, "माझे बाबा नाशिकहून रोज फोन करतात. म्हणतात, अक्षतचा फ्रीजर बघ. तो नुसत्या गप्पा मारत नाही, घरात आणून टाकतो. म्हणून तर मी हे घेतलं."

आता बघ. याचा बाप त्याचं कौतुक करतोय म्हणून यानं त्याच्यासारखं धनुष्य घेतलं. त्याचा बाप याचं कौतुक करतोय म्हणून त्यानं याच्यासारखं. आणि ते धनुष्य कुणाचं, तर एकमेकांचंच. यावर कुणी काही बोलणार, तेवढ्यात मागून फॉइलचा आवाज आला.

बोकड. शिंगं ही एवढी, दाढी ही एवढी, बाबांच्या खुर्चीशेजारी उभा, शांतपणे धपाटे खात होता. दहा पावलांवर. लहान मुलाला दगडानं मारता आला असता. दोघांनी आपापली धनुष्यं उचलली. अक्षतची सोललेली बोटं दोरीला लागेनात. देवव्रतचे हात लांब, अक्षतच्या मापानं बसवलेलं कंपाउंड त्याला पुरं ओढताच येईना.

"थांबा," बाबा म्हणाले. "जेवत्याला मारू नये."

बोकडानं शेवटचा धपाटा संपवला, फॉइल चाटलं आणि तो निघून गेला. चालत, पळतही नव्हता.

बाबा पुन्हा त्या कंपाउंडकडे वळले. "हे असं असतं तरी कसं, बघू." ग्रॅहमनं किल्ली आणली, ढिलं करून द्यायला, तर किल्ली स्क्रूच्या खाचेत जाईना. टोकरून काढलं तर आतून तांदळाचा तांबडा दाणा निघाला. काकूंची अक्षता. ग्रॅहम दाणा तळहातावर घेऊन बघत राहिला, त्याला कोण समजावणार. मग बाबांनी मनगटाला पट्टा बांधला, ओढलं. सुरुवातीला ओठ आवळले, आणि मग एकदम त्यांचा चेहरा मोकळा झाला. दार आतून उघडलं. देवव्रतला न बसणारं धनुष्य त्यांना शिवून घेतल्यासारखं बसलं. हात अक्षतचेच ना त्यांचे, किंवा अक्षतचे त्यांचे. ग्रॅहमच्या गवताच्या गठ्ठ्यावर नेम धरला, बटण दाबलं. मधोमध.

दुसरा. मधोमध. सत्तरीच्या घरातला माणूस, खांदा खरोखरचा आखडलेला.

"अक्षत, फोन दे," बाबा म्हणाले. "तुझ्या आत्याला लाव."

अक्षत कान टवकारून शेजारी उभा. आत्ता येणार, आमचा अक्षत. कॉल लागला, आत्याचा चेहरा आला. बाबांनी धनुष्य कॅमेऱ्यासमोर धरलं.

"मंदा, हे बघ. काय यंत्र आहे. ओढतं कसं, बघतं कसं. आमचा अक्षत..." अक्षतनं श्वास रोखला. "...आमचा अक्षत हे विकायला निघाला होता. त्याला किंमत कळली नाही. देवव्रतनं बरोबर हेरलं. रत्नपारखी पोरगा."

फोन ठेवल्यावर अक्षत म्हणाला, "बाबा, ते माझं होतं."

"होतं," बाबा म्हणाले, धपाट्याचं फॉइल नीट घडी करत. "आणि बॅगेत भोक कुणी पाडलंय तेही मला माहितीय. किवीच्या पोटातून मध येतो का? रीत चुकली ती चुकलीच, पण बाण गालिच्यातून, बॅगेतून, दोन साड्यांमधून गेला म्हणजे जोर आहे तुझ्या हातात. हे मी कुणाला सांगणार नाही. दृष्ट लागेल."

आणि गाडीत जाऊन बसले, माकडटोपी डोळ्यांवर ओढून.

दोघं डिकीशी उभे राहिले. देवव्रत म्हणाला, "चल, अदलाबदल करून टाकू. तुझं तुला, माझं मला." बरोबर होतं त्याचं. अक्षतनं हात पुढे केला, तेवढ्यात गाडीच्या काचेतून आवाज आला, डोळे मिटलेलेच.

"करा, करा. कुणाकडे काय राहिलं ते मला कळवा फक्त. देवव्रतकडे जे असेल ते चांगलं, हे माझं ठरलेलं आहे."

अक्षतचा हात तसाच राहिला, ना पुढे ना मागे. एका हातात लाकडाचं, बाबांच्या कुंकवाचं. समोर चाकाचं, बाबांच्या मापाचं. देवव्रत म्हणतोय, लवकर सांग, मला नाशिकचा फोन येईल. ग्रॅहम दुरून हात हलवतोय. आणि गाडीत एक म्हातारा झोपेचं सोंग घेऊन ऐकतोय.

आता बोल. तू असतास तिथे, तर कुठलं ठेवलं असतंस?